पणजीच्या डाव्या पायाचं हाड

राज्याच्या पुरातत्त्व कार्यालयाचं भांडार इमारतीच्या तळघरात होतं आणि त्या भांडाराची प्रमुख होती थोरली. कार्यालयात तिला सगळे मॅडम म्हणत. थोरली हे घरचं नाव, दोन भावंडांतली मोठी म्हणून पडलेलं आणि पन्नाशी ओलांडली तरी न गळलेलं. तिचे बाबा याच कार्यालयाचे संचालक म्हणून निवृत्त झाले होते. जिन्याच्या वळणावर त्यांचा फोटो होता. नवीन रुजू झालेलं कुणी तो बघून "तुम्ही साहेबांच्या कन्या ना?" असं विचारी, तेव्हा थोरली "हो, म्हणजे काय!" म्हणे आणि दिवसभर जरा ताठ चाले.

त्या सकाळी ती खोलीत येऊन बसते न बसते तोच दोन माणसं दारात उभी राहिली. एक सत्तरी पार केलेली बाई, हातात कागदी पिशवी. मागे तिचा भाचा, टक्कल पडलेला, गाडी चालवून आलेला असावा, कारण गाडीची किल्ली अजून बोटात फिरत होती.

"आमची बेकरी आहे, धरणाच्या वरच्या अंगाला," बाई म्हणाल्या. "आधी खालच्या वस्तीत होती. वस्ती पाण्यात गेली तसं वर आलो."

"बसा ना, मावशी. काय काम काढलंत?"

बेकरीवाल्या मावशी बसल्या. पिशवी मांडीवर ठेवली. "धरण व्हायचं होतं तेव्हा आमची दफनभूमीही पाण्यात जाणार होती. अलीकडची माणसं आम्हीच उचलून वर आणली. पण जुन्या कबरींना कोण हात लावणार? तेव्हा तुमच्या कार्यालयाचे साहेब आले. म्हणाले, आम्ही नीट काढतो, अभ्यास करतो आणि तुमचे तुम्हाला परत देतो. वर नव्या जागेत कोपरा राखून ठेवा म्हणाले. आम्ही ठेवला. अजून रिकामाच आहे. दरवर्षी तिथलं गवत कापतो, बस."

"इतकी वर्षं तुम्ही आला नाहीत?"

"आलो की. माझे भाऊ दोनदा येऊन गेले. अभ्यास चालू आहे असं सांगितलं त्यांना. आता भाऊ राहिले नाहीत." मावशींनी मागे वळून दाराकडे पाहिलं. "जिन्यावर फोटो आहे, ते साहेबच ना?"

थोरलीच्या तोंडी नेहमीचं उत्तर आलं होतं. ते तिने गिळलं.

"हो. ते आमचे जुने संचालक," ती म्हणाली.

एवढंच म्हणाली. आपण असं का म्हणालो हे कळायलाही तिला वेळ मिळाला नाही, कारण पुढचं लगेच आलं.

"आम्हाला बघायचं आहे," मावशी म्हणाल्या. "आज न्यायचं नाही. नुसतं बघायचं."

मागच्या वर्षी तळघरातली एक नळी फुटली होती. तेव्हा हाडांच्या पेट्या घाईघाईने मागच्या बोळात सरकवल्या होत्या. त्यानंतर तिकडे फिरकायचं राहूनच गेलं. मडकी, नाणी, मूर्ती बघायला लोक येत, मंत्री येत. त्यांच्या कपाटांना दिवे होते. हाडं बघायला कोण येणार?

"सगळं अगदी व्यवस्थित आहे, मावशी," थोरली म्हणाली. "खास पेट्यांमधे ठेवलंय. फक्त भांडाराचं कुलूप बदलायचं काम निघालंय, किल्ली सध्या दुरुस्तीवाल्यांकडे आहे. पुढच्या आठवड्यात याल का?"

चहाचे कप उचलायला शिपाई नेमका तेव्हाच आत आला होता. भांडाराच्या किल्ल्या त्याच्याकडे असत म्हणून सगळे त्याला किल्लीदादा म्हणत. मदतीला कायम एका पायावर तयार असणारा माणूस.

"किल्ली कुठं जातेय, मॅडम? ही काय," म्हणत त्याने कमरेचा जुडगा खुळखुळवला. "चला, उघडून देतो."

भाच्याच्या बोटातली किल्ली फिरायची थांबली. मावशी मात्र काही ऐकलंच नाही अशा उठल्या आणि म्हणाल्या, "चला मग. गुडघे आहेत तोवर जिने उतरून घेऊ."

तळघरात पुढे काचेची कपाटं होती, तिथून मावशी न थांबता गेल्या. मागच्या बोळात मोडक्या खुर्च्या, गुंडाळलेले नकाशे, एक जुना पंखा आणि त्यांच्या पलीकडे भिंतीला टेकून रचलेल्या पेट्या. पेट्या कसल्या, फळांचे पुठ्ठ्याचे खोके होते ते. काहींवर अजून सफरचंदांची चित्रं दिसत होती. खालच्या रांगेला ओल लागून पुठ्ठा फुगला होता. आणि कडेच्या एका खोक्यावर किल्लीदादाची चहाची किटली होती, बाजूला साखरेचा डबा आणि ओला चमचा.

किल्लीदादाला आता काय ते उमगलं. तो पुढे झाला, पण मावशींनी आधीच किटली उचलली होती.

"गरम आहे, जपून," असं त्याला सांगून त्यांनी ती त्याच्या हातात दिली. मग रुमाल काढून खोक्यावरचा चहाचा डाग पुसला. डाग जुना होता, निघेना. तरी त्या पुसत राहिल्या.

कुणी आवाज चढवला असता तर थोरलीला सोपं गेलं असतं. निधी मिळत नाही, माणसं कमी आहेत, ही सगळी उत्तरं तिच्याकडे तयार होती. पण विचारलंच नाही कुणी. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात, पण इथे ती आधीच जमिनीखाली उभी होती.

खोक्यावर शाईने 'भट्टीवाली' लिहिलं होतं. अक्षर बाबांचं. टपोरं, किंचित उजवीकडे झुकलेलं.

"हीच," मावशी म्हणाल्या. "हिच्या कबरीच्या दगडावर भट्टी कोरली होती. माझ्या आईची पणजी. तरुणपणी बैलगाडीखाली पाय आला, हाड वाकडं जुळलं, जन्मभर लंगडत चालली. पण वस्तीतली पहिली भट्टी तिने घातली. आमच्यात अजून कुणी काम टाळलं की म्हणतात, पणजीला दोन्ही पाय धड असते तर तिने तुला लाथ घातली असती."

भाचा हसला आणि लगेच गप्प झाला.

थोरलीने टेबलावर स्वच्छ कागद अंथरला आणि खोका उघडला. हाडं वर्तमानपत्रांत गुंडाळलेली होती. एकेक सोडवून ती माणसाच्या आकारात मांडत गेली. हे काम तिला झोपेतही आलं असतं. कवटी, मणके, बरगड्या, हात. उजव्या मांडीचं हाड. नडग्या. पावलांची बारीक हाडं. मांडून झालं आणि डाव्या बाजूला कंबर आणि गुडघा यांच्यामधे नुसता पांढरा कागद राहिला.

"डावा पाय?" मावशींनी विचारलं.

प्रश्न पुरा व्हायच्या आतच थोरलीला उत्तर सापडलं होतं. आईबाबांच्या घरी, बैठकीच्या खोलीत, काचेच्या कपाटात, निळ्या मखमलीवर. मधे वाकडं होऊन गाठ धरलेलं, पिवळसर, गुळगुळीत झालेलं हाड. बाबांकडे पाहुणे आले की ते कपाट उघडत, हाड हातात देत आणि मोडलेलं हाड कसं सांधतं ते समजावून सांगत. लहानपणी धाकट्याने एकदा त्याची तलवार केली होती, तेव्हा बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा त्याला थोबाडीत मारली. माणसाचं आहे म्हणून नव्हे. दुर्मिळ आहे म्हणून. थोरलीने स्वतः ते कितीदा हाताळलं होतं. ते कुणाचं, असं तिने कधी विचारलं नव्हतं; हाडांवर पदवी घेतल्यानंतरही नाही.

"शोधते," ती म्हणाली. "इथेच कुठेतरी असेल."

मावशींनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग कागदी पिशवी टेबलाच्या कडेला ठेवली. "तुमच्यासाठी पाव आणला होता. सकाळच्या घाण्याचा आहे, मऊ आहे अजून."

ती दोघं गेल्यावर थोरली आणि किल्लीदादा तिथेच उभे राहिले. पावाचा वास सगळ्या बोळात पसरला. पाव तोडायला दोघांपैकी कुणाचाही हात पुढे झाला नाही.

*

संध्याकाळी ती आईबाबांकडे गेली. बाबा ऐंशी ओलांडलेले, गुडघे गेलेले, डोकं मात्र तल्लख. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ते हाड मी वाचवलं," ते म्हणाले. "नाहीतर आज त्यावर मासे फिरत असते."

"तुम्ही परत देतो म्हणाला होतात, बाबा."

"म्हणावं लागतं. लोक खड्ड्यांपुढे आडवे पडत होते. धरणाचे इंजिनिअर रोज तारीख सांगत होते. शब्द दिला नसता तर एक कबर उघडता आली नसती, आणि तू ज्याच्यावर शिकलीस ते निम्मं या राज्यात नसतं."

"ते खरंच आहे. पण ते हाड आपल्या बैठकीत का आहे?"

"कार्यालयात ठेवलं असतं तर काय झालं असतं, हे आज तूच बघून आलीस."

हे थोरलीला वर्मी लागलं.

"त्यांना सांगितलंस, कुठे आहे ते?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"का?"

"लाज वाटली."

"माझी?"

थोरलीने मान वर केली नाही. तिला म्हणायचं होतं की माझी स्वतःची, आपली सगळ्यांची. पण त्यात त्यांचीही होती आणि ते नाकारणं तिला जमलं नाही. बाबा काठी घेऊन उठले आणि आतल्या खोलीत जाऊन त्यांनी दार लावलं.

आई इतका वेळ टेबल आवरत होती. ती कपाटापाशी जाऊन उभी राहिली.

"खरं आहे हे?" तिने विचारलं. "म्हणजे बाईमाणसाचं? खरोखरीचं?"

"हो, आई."

"मला वाटायचं प्लास्टरचं आहे. शाळेत असतं तसं." आईने कपाटाच्या काचेवरून हात काढून घेतला. "ती या घरात आल्यापासून दर आठवड्याला धूळ पुसतेय मी तिची. आणि ती आहे कोण, हे मला कुणी सांगितलंसुद्धा नाही."

*

सध्याच्या संचालकांना काही घाईने करायचंच नव्हतं. "आधी कायदेशीर मत घेऊ," ते म्हणाले. "एकांना दिलं की दहा जण दारात उभे राहतील. तळघरात अजून पंधरा-वीस वस्त्यांची हाडं आहेत. झाकली मूठ राहू दे."

"मत घ्या, साहेब. पण वकिलांना हेही सांगावं लागेल, की पेटीवर चहाची किटली ठेवली जायची आणि ज्यांची पेटी आहे त्यांनी ती स्वतः उचलली. त्या काल माझ्याशी चांगलं बोलल्या. वर्तमानपत्रवाल्यांशीही चांगलंच बोलतील."

संचालकांनी परवानगीवर सही केली. जे माणुसकीने व्हायला हवं होतं ते धाक घालून झालं, हे थोरलीला जाणवत होतं, आणि जिना उतरताना तिने फोटोकडे पाहिलं नाही.

मग तळघरात काम सुरू झालं. सुताराकडून लाकडी पेट्या करून घेतल्या. त्या वस्तीचा एकेक खोका उघडून, हाडं मऊ ब्रशने साफ करून, ओल वाळवून, सुती कापडात बांधली. किल्लीदादाला कुणी सांगितलं नव्हतं, पण तो रोज दुपारी येऊन कापड कापून द्यायचा. चहा आता तो वरच्या मजल्यावर करी. एकदा तो खालमानेने म्हणाला, "मॅडम, मला खरंच माहीत नव्हतं आत काय आहे."

"तुम्हाला नव्हतं माहीत, दादा," थोरली म्हणाली. "मला होतं."

दफनाचा दिवस ठरला. आदल्या दिवशी तिने बेकरीत फोन लावला. मागे पत्र्यांचे ट्रे आपटल्याचा आवाज येत होता.

"मावशी, पणजीचं हाड सापडलं. म्हणजे हरवलं नव्हतंच. ते माझ्या वडिलांच्या घरी आहे. जिन्यावर ज्यांचा फोटो आहे ते माझे वडील."

"ते कळलं होतं. नाक तेच आहे."

थोरलीला हसू आलं नाही. "मला त्या दिवशीच ठाऊक होतं, हाड कुठे आहे ते."

पलीकडे ट्रे आपटायचे थांबले.

"आणि शोधते म्हणालात," मावशी म्हणाल्या.

"हो."

"बरं. सकाळी लवकर या, ऊन चढतं तिथं." आणि फोन बंद झाला.

'असू दे' किंवा 'होतं असं' यातलं एखादं वाक्य ऐकायला मिळेल अशी आशा आपण केली होती, हे थोरलीला फोन ठेवल्यावर कळलं, आणि त्या आशेचीसुद्धा लाज वाटली.

*

सकाळी कार्यालयाची गाडी पेट्या घेऊन आईबाबांच्या फाटकाशी थांबली. हाड नुसतं मागून घ्यायचं, बाबांनी नाही म्हटलं तर कपाटातून काढून घ्यायचं, असं मनाशी घोकत थोरली आत गेली. बाबा कोट घालून दारापाशीच खुर्चीत बसले होते. मांडीवर मखमलीत गुंडाळलेलं हाड.

"मी येतोय," ते म्हणाले. "मी नेलं होतं, मीच देणार."

रस्ताभर त्यांचे ओठ हलत होते. भाषणाची तयारी करताना ते तसेच हलत, हे तिला ठाऊक होतं.

नवी दफनभूमी उतारावर होती. खाली धरणाचं पाणी सपाट पसरलेलं. राखून ठेवलेल्या कोपऱ्यातलं गवत कापलेलं होतं, खड्डे खणून तयार होते आणि वस्तीची माणसं कामाच्या कपड्यांतच येऊन उभी होती. पेट्या उतरवल्या गेल्या. बाबा काठी टेकत पुढे आले, घसा साफ केला आणि सवयीच्या, लांबवर पोचणाऱ्या आवाजात सुरू झाले.

"मित्रहो, या ठिकाणच्या उत्खननाने राज्याच्या इतिहासात मोलाची भर घातली. विशेषतः हा नमुना..."

बेकरीवाल्या मावशी त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात पुढे केले.

"द्या," त्या म्हणाल्या.

बाबांनी वाक्य पुरं करायला घेतलं. भरून आलेल्या हाडाचा अभ्यास, परदेशातले तज्ज्ञ, असं काहीतरी. मावशी तशाच उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, घाईही नव्हती. भट्टीतून ट्रे बाहेर यायची वाट बघावी तसे हात पुढे होते. बाबांचा आवाज बारीक होत गेला आणि एका शब्दाच्या मधेच थांबला. त्यांनी हाड त्या हातांवर ठेवलं.

मावशींनी मखमल सोडली, घडी करून बाबांच्या हातात परत दिली. हाडाच्या गाठीवरून एकदा अंगठा फिरवला. मग गुडघ्यांवर बसून पेटीतल्या कापडाची गाठ सोडली आणि हाड त्याच्या जागी ठेवलं. बसलं बरोबर. मागे कुणीतरी नाक ओढलं.

"साहेबांना खुर्ची द्या रे," उठताना मावशी भाच्याला म्हणाल्या. "त्यांचेही गुडघे दुखत असतील."

भाच्याने खुर्ची आणली. बाबा बसले. मखमलीची घडी कुठे ठेवावी ते त्यांना समजेना. खिशात घातली, बाहेर काढली, शेवटी मुठीत धरून बसले. इतका मोठा माणूस इतका अवघडलेला थोरलीने कधी पाहिला नव्हता.

पेट्या खाली सोडल्यावर माणसं एकेक करून माती लोटू लागली. थोरली पुढे झाली. आपणही एक मूठ टाकावी असं तिला मनापासून वाटलं. मावशींनी तिच्या दंडाला हात लावला.

"तुम्ही नको," त्या हळूच म्हणाल्या. "एवढं आमचं आम्ही करतो."

ती मागे सरकली आणि बाबांच्या खुर्चीशेजारी उभी राहिली. दोघांनी मिळून शेवटपर्यंत पाहिलं.

परतताना बऱ्याच वेळाने बाबा म्हणाले, "त्यांनी मला काही बोलूनसुद्धा दाखवलं नाही."

"बोलायला हवं होतं?"

"हवं होतं. बरं झालं असतं." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "थोरले, तो शब्द मी खोटा दिला नव्हता. दिला तेव्हा खरा होता."

"मग काय झालं?"

"मग पुढचं उत्खनन आलं," बाबा म्हणाले. "मग त्याच्या पुढचं."

तिने त्यांचा हात धरला नाही. गाडी घरी पोचल्यावर मात्र दुसऱ्या बाजूने येऊन त्यांना उतरवलं, आणि पायरी चढेपर्यंत दंडाला धरून ठेवलं.

*

सोमवारी ती तळघरात गेली. भट्टीवालीच्या वस्तीची जागा रिकामी झाली होती, पण भिंतीला लागून बाकीचे खोके तसेच होते. काहींवर बाबांचं अक्षर, काहींवर त्यांच्यानंतरच्यांचं. एका रांगेवर तिचं स्वतःचं होतं. ती रांग तिने आधी घेतली. ते गाव रस्त्यासाठी हललं होतं. माणसं शहराच्या कडेला नव्या चाळींत गेली होती. तिथल्या किराणा दुकानाचा नंबर मिळवायला अर्धा दिवस गेला.

दुकानदाराने फोन उचलला. मागे कुणीतरी सुटे पैसे मागत होतं.

"मी राज्याच्या पुरातत्त्व कार्यालयातून बोलतेय," थोरली म्हणाली. "तुमच्या जुन्या गावची काही माणसं आमच्याकडे आहेत. बरीच वर्षं झाली. ती परत कशी आणायची, ते विचारायला फोन केलाय."

दुकानदार सावकाश म्हणाला, "थांबा. आईला बोलावतो. तिला सांगा हे सगळं, जे मला सांगितलंत ते."

ती फोन कानाला लावून थांबली. दूरवर चपलांचा आवाज जवळ येत होता, आणि काय बोलायचं ते तिचं अजून ठरलं नव्हतं.